'सर्व' म्हणजे नेमके कोण?



आजच्या व्याख्यानाचा विषय 'वैश्विकता' असा जाहीर झालेला आहे. शब्द भारदस्त आहे, आणि भारदस्त शब्दांची एक अडचण असते. ते उच्चारले की सगळे माना डोलावतात आणि पुढे काही विचारत नाहीत. म्हणून आधी हा शब्द जरा खाली उतरवून ठेवू या आणि आपल्या नेहमीच्या मराठीत त्याचं काय काय होतं ते बघू या.

इंग्रजीत जिथे 'युनिव्हर्सल' या एका शब्दावर भागतं, तिथे मराठीला निदान चार शब्द लागतात. न्यायशास्त्राच्या वर्गात आम्ही 'सामान्य' म्हणतो. मतदानाचा विषय निघाला की 'सार्वत्रिक' प्रौढ मताधिकार. मानवी हक्कांचा विषय असला की 'वैश्विक'. आणि नळ, तळं, वाचनालय, गणपती यांच्यासाठी 'सार्वजनिक'. हे चार शब्द एकच गोष्ट सांगत नाहीत. सामान्य म्हणजे अनेकांत जे एकच असतं ते. सार्वत्रिक म्हणजे सगळ्या ठिकाणी लागू असलेलं. वैश्विक म्हणजे विश्वाचं. या तिन्ही शब्दांत माणूस असलाच पाहिजे असं नाही. 'सार्वजनिक' या चौथ्या शब्दात मात्र 'जन' आहे, म्हणजे माणसं आहेत. आणि महाराष्ट्रात वैश्विकतेचं खरं भांडण झालं ते याच शब्दावरून झालं. १८७० साली पुण्यात हा शब्द एका सभेच्या नावात आला, आणि १९३७ साली मुंबईच्या उच्च न्यायालयात एका तळ्याच्या निमित्ताने त्याचा एक हिशेब झाला. या सदुसष्ट वर्षांबद्दल आज बोलायचं आहे.

आणखी एक लहानशी गोष्ट. आम्ही स्वतःचा उल्लेख 'आम्ही' असा करतो, ही जुन्या मास्तरांची खोड आहे, सांभाळून घ्या. पण या 'आम्ही'त आपल्या विषयाचं मूळ आहे. मराठीत 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा त्यातून बाहेर राहतो. 'आपण' म्हटलं की तो आत येतो. "आम्ही जेवलो" आणि "आपण जेवू" यातला फरक पाहुण्याला बरोबर कळतो. सोलापुरात तेलुगू बोलणारी मंडळी पुष्कळ आहेत, त्यांच्याकडेही 'मेमु' आणि 'मनमु' असा हाच भेद आहे. आपल्या शेजारच्या कन्नडमध्ये 'नावु' आणि उर्दूत 'हम', तिथे एकाच शब्दात दोन्ही. आमचं म्हणणं असं की 'आम्ही'पासून 'आपण'पर्यंत जाणं, हाच वैश्विकतेचा प्रवास आहे. पण त्यात एक धोकाही आहे. 'आपण' म्हणणारा समोरच्याला विचारून म्हणतो का? की परस्पर त्याच्या वतीने बोलून टाकतो? हा प्रश्न मनात असू द्या, पुढे तो पुन्हा येणार आहे.

वर्गातला एक प्रश्न

आम्ही बरीच वर्षं 'तर्कसंग्रह' शिकवला. अन्नंभट्टांचा हा ग्रंथ लहान आहे, पण पदार्थविचाराची सगळी मांडणी त्यात येते. सात पदार्थ: द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष, समवाय, अभाव. त्यातल्या 'सामान्या'वर आम्ही नेहमी रंगून बोलायचो. सामान्य हे नित्य असतं, एक असतं आणि अनेकांत राहतं. गाई हजार असतील, गोत्व एकच. माणसं कोट्यवधी असतील, मनुष्यत्व एकच. आणि महत्त्वाचं म्हणजे हे सामान्य प्रत्येक व्यक्तीत पुरतं असतं. या माणसात पाऊण मनुष्यत्व आणि त्या माणसात पाव, असला प्रकार न्यायशास्त्राला मान्य नाही.

एका वर्षी मागच्या बाकावरून एका मुलाने हात वर केला. मुलगा सेटलमेंटमधला होता. सोलापूरकरांना सेटलमेंट म्हणजे काय ते सांगायला नको, पण हे व्याख्यान इतर गावांतही वाचलं जातं म्हणून सांगतो. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. कैकाडी, पारधी, भामटा अशा अनेक जमातींना जन्मापासूनच गुन्हेगार ठरवण्याची सोय त्या कायद्याने झाली. पुढे अशा कुटुंबांना तारेच्या कुंपणाआड वसाहतीत ठेवण्यात आलं. सोलापुरात अशी मोठी वसाहत होती. तिथली माणसं इथल्या गिरण्यांत कामाला जात, पण त्यांना हजेरी द्यावी लागे आणि परवानगीशिवाय बाहेर राहता येत नसे. देशपातळीवर हा कायदा रद्द झाला तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. आता ती तार नाही, पण वस्तीचं नाव सेटलमेंट ते सेटलमेंटच राहिलं.

तर तो मुलगा म्हणाला, "सर, मनुष्यत्व सगळ्या माणसांत सारखंच असतं म्हणता, तर माझ्या आज्याची रोज हजेरी का घ्यायचे?"

वर्ग हसला नाही. आम्ही मात्र विद्वानाला शोभेल असं उत्तर दिलं. म्हणालो, अरे, हा सामाजिक प्रश्न झाला, आपण पदार्थशास्त्र शिकतोय, दोन्हींची गल्लत करू नये. तो खाली बसला. पुन्हा त्याने वर्गात प्रश्न विचारल्याचं आम्हाला आठवत नाही.

ते उत्तर तर्काला धरून होतं. आणि ते चुकीचं होतं. का चुकीचं होतं हे कळायला आम्हाला निवृत्तीपर्यंत वेळ लागला. आजचं व्याख्यान म्हणजे एका अर्थी त्या मुलाला उशिरा दिलेलं उत्तर आहे.

सामान्य आणि जात

पहिली चूक अशी की ही गल्लत आम्ही म्हणालो तशी बाहेरून आलेली नव्हती, ती शास्त्रातच होती. सामान्याला न्यायशास्त्रात दुसरा शब्द आहे 'जाति'. गोत्व ही जाति, मनुष्यत्व ही जाति. मग साहजिकच प्रश्न उभा राहिला की ब्राह्मणत्व हीसुद्धा गोत्वासारखी जाति आहे का? म्हणजे गाय आणि घोडा यांत जसा वस्तूंतलाच भेद आहे, तसा माणसामाणसांत आहे का? कुमारिल भट्टांनी हो म्हटलं. आईवडिलांची माहिती असली की ते ब्राह्मणत्व प्रत्यक्ष कळतं, असं त्यांचं म्हणणं. शांतरक्षितांसारखे बौद्ध आणि प्रभाचंद्रांसारखे जैन पंडित यांनी ते खोडून काढलं. घोड्याचा पाय आणि हत्तीचा पाय वेगळा दिसतो, तसा माणसांच्या दोन वर्णांत कुठे भेद दिसतो, हा 'वज्रसूची'तला युक्तिवाद त्याच जातकुळीचा. संत बहिणाबाई सिऊरकरांनी वज्रसूचीचा विचार मराठी अभंगांत आणला, म्हणजे हा वाद केवळ संस्कृत पाठशाळेत राहिला नव्हता.

उदयनाचार्यांनी तर सहा 'जातिबाधक' सांगून ठेवलेत. म्हणजे एखादा धर्म खरं सामान्य नाही, नुसती उपाधी आहे, हे कशावरून ओळखायचं याच्या सहा कसोट्या. स्वयंपाक करणारे अनेक असतात, त्या सगळ्यांना आपण 'पाचक' म्हणतो, पण पाचकत्व ही जाति नव्हे. ते काम सुटलं की तो पाचक राहत नाही. एक शब्द अनेकांना लावता येतो एवढ्यावरून त्यांच्यात काही एक खरोखर समान आहे असं होत नाही. किती शहाणपणाची सूचना आहे ही! गुन्हेगार जमातींचा कायदा करणाऱ्यांना कुणी हे सांगायला हवं होतं. 'गुन्हेगारत्व' ही जाति नव्हे, ती उपाधी. कुणी गुन्हा केला तर ती त्याला लागते, न केला तर लागत नाही. बापाकडून मुलाकडे ती जात नाही. त्या मुलाच्या प्रश्नाला आम्ही पदार्थशास्त्रातूनच हे उत्तर देऊ शकलो असतो. आमच्या हातात हत्यार होतं आणि आम्ही ते पेटीत ठेवून दिलं.

बौद्धांनी याहून धारदार गोष्ट सांगितली. दिङ्नागाचा अपोहवाद असा की 'गाय' या शब्दाने कुठलं नित्य गोत्व हाती लागत नाही, 'जे गाय नाही ते सोडून' एवढंच कळतं. म्हणजे शब्द वगळून अर्थ सांगतो. ज्ञानशास्त्र म्हणून हा वाद मोठा आहे, आम्ही त्यात शिरत नाही. पण समाजातले 'सर्व'वाचक शब्द तपासायला याच्याइतकी चांगली युक्ती नाही. कुणी 'सर्वांसाठी' म्हटलं, की विचारायचं: कुणाला सोडून?

सभेचं नाव आणि जोतीरावांचा आक्षेप

आता पुण्याला येऊ. २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली. गणेश वासुदेव जोशी हे तिचे प्राण, म्हणून लोक त्यांना 'सार्वजनिक काका'च म्हणू लागले. सभेची रचना त्या काळाच्या मानाने धाडसाची होती. सभासद व्हायचं तर निदान ५० माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणावं लागे. सुरुवातीला ९५ सभासद सुमारे ६००० लोकांच्या वतीने बसले. म्हणजे 'सार्वजनिक' हे नाव नुसतं शोभेचं नव्हतं, त्यामागे प्रतिनिधित्वाची एक कल्पना होती. १८७६–७७च्या दुष्काळात, ज्याची झळ आपल्या सोलापूर जिल्ह्याला फार बसली, सभेने गावोगावची माहिती जमवून सरकारपुढे मांडली. हे श्रेय सभेला द्यायलाच हवं. टीका करायची तर आधी समोरच्याचं काम नीट सांगावं, असं आम्ही विद्यार्थ्यांना शिकवत आलो.

पण अपोहाची कसोटी लावू या. सभेचे लोक कोण होते? इनामदार, सावकार, वकील, पेन्शनर, नोकरदार, आणि बहुतांशी वरच्या जातींचे. मुखत्यारपत्र देऊ शकणारे 'सर्व', उरलेले बाहेर. कुणी मुद्दाम दार लावलं होतं असं नाही. दार उघडंच होतं, पण त्या दारापर्यंत पोचायची वाट सगळ्यांच्या वस्तीतून जात नव्हती.

जोतीराव फुले त्याच पुण्यात होते. १८६८ साली त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. सभेच्या दोन वर्षं आधी. म्हणजे एका बाजूला 'सार्वजनिक' नावाची सभा, जिच्यात सर्व जन नाहीत. आणि दुसऱ्या बाजूला एक खाजगी हौद, जो खरोखर सार्वजनिक झाला. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की शब्द आणि व्यवहार यांतली फट दिसते.

१८८५ साली न्यायमूर्ती रानडे यांनी जोतीरावांना मराठी ग्रंथकारांच्या सभेचं निमंत्रण दिलं. त्यांनी पत्र लिहून नकार कळवला. त्यांच्या नकाराचं सार असं, की ज्यांना माणसांच्या हक्कांचा सगळ्यांसाठी विचार करता येत नाही, त्यांच्या सभांशी आणि ग्रंथांशी आमचं जुळणार नाही. लक्षात घ्या, 'तुमचं वेगळं, आमचं वेगळं' एवढंच त्यांना म्हणायचं नव्हतं. तुम्ही 'सर्व' म्हणता पण ते सर्व नव्हेत, असा तो आक्षेप होता. हे फार महत्त्वाचं आहे. जोतीरावांनी वैश्विकतेवर टीका केली ती वैश्विकतेच्याच बाजूने.

म्हणूनच आपल्या शेवटच्या ग्रंथाला त्यांनी तोच शब्द दिला: 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक'. १८८८ मध्ये पक्षाघाताने उजवी बाजू गेली, तेव्हा डाव्या हाताने त्यांनी हे पुस्तक लिहिलं. १८९० साली ते गेले आणि १८९१ मध्ये पुस्तक प्रसिद्ध झालं. प्रतिपक्षाने वापरून झिजवलेला शब्द त्यांनी टाकून दिला नाही, घासून लख्ख केला. आम्हाला यात एक रीत दिसते. शब्द खोटा वापरला गेला म्हणून शब्दच खोटा ठरत नाही.

त्या पुस्तकातली एकच भाषिक सवय आम्ही दाखवतो. जोतीराव नुसतं 'मनुष्य' म्हणून थांबत नाहीत. ते पुन्हा पुन्हा 'एकंदर सर्व मानव स्त्री-पुरुष' अशा तऱ्हेने लिहितात. शैलीच्या दृष्टीने कुणी म्हणेल, केवढी ही पुनरुक्ती! पण ती पुनरुक्ती नाही. 'मनुष्य' म्हटलं की लोकांच्या मनात पुरुषच उभा राहतो, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून ते सामान्य शब्द फोडून त्यातली माणसं मोजून दाखवतात. पुढे १९४७–४८ मध्ये संयुक्त राष्ट्रांत मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा मसुदा होत होता. पहिल्याच कलमात इंग्रजी 'मेन' हा शब्द होता. अध्यक्षा एलिनॉर रूझवेल्ट यांना त्यात स्त्रिया आल्याच असं वाटत होतं. भारताच्या प्रतिनिधी हंसाबेन मेहता यांनी धरून लावलं, आणि 'सर्व मानव' या अर्थाचा शब्द तिथे आला. जे न्यूयॉर्क-जिनीव्हाला १९४८ साली सुचलं, ते पुण्याच्या एका आजारी माणसाने सुमारे साठ वर्षं आधी डाव्या हाताने लिहून ठेवलं होतं.

त्याच पुस्तकात एका कुटुंबाची कल्पना आहे. बाई बौद्ध धर्म स्वीकारते, नवरा ख्रिस्ती होतो, मुलगी मुसलमान होते, मुलगा सार्वजनिक सत्यधर्मी. आणि चौघांनी एका घरात प्रेमाने राहावं. गंमत बघा, त्यांचा स्वतःचा धर्म त्या घरात चारांपैकी एक आहे. आपला धर्म सार्वजनिक म्हणून सगळ्यांनी तोच घ्यावा, असं ते म्हणत नाहीत. सगळ्यांना एकसारखं करणं ही एक गोष्ट, आणि सगळ्यांना एका घरात जागा असणं ही वेगळी गोष्ट. वैश्विकतेचे टीकाकार आणि भक्त, दोघेही बहुधा इथे घसरतात.

मग जोतीरावांचं सगळंच पटतं का? नाही. त्यांच्या सत्यधर्माला 'निर्मीक', म्हणजे सगळं निर्माण करणारा, लागतो. निर्मीकच न मानणाऱ्या माणसाला त्या घरात कुठली खोली? बुद्धाच्या मार्गाने जाणारी बाई त्यांनी घरात घेतली खरी, पण घराचा पाया मात्र निर्मीकावर घातला. शिवाय 'भट' या शब्दाखाली ते कधी कधी अख्ख्या समाजाला एकच स्वभाव चिकटवतात. उदयनाची कसोटी तिथेही लावावी लागते. जोतीरावांना हा न्याय लावला तर ते रागावले नसते, असा आमचा विश्वास आहे.

महाडचं तळं

आता या शब्दाची सर्वांत कठीण परीक्षा. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे मंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने आपलं चवदार तळं खुलं असल्याचा ठराव केला. कागदावर तळं सर्वांचं झालं. तरी तीन वर्षं एकाही अस्पृश्याला तिथे पाणी घेता आलं नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. नंतर मारहाण झाली, आणि तळं पंचगव्याने 'शुद्ध' करण्यात आलं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात काही स्पृश्यांनी दावा लावला की तळ्यावर आमचाच वहिवाटीचा हक्क आहे.

अपोहाची कसोटी इथे इतकी सरळ लागते की अंगावर काटा येतो. तळ्यावर मुसलमान पाणी भरत, ख्रिस्ती भरत, जनावरं पीत. तळं 'सर्वांचं' होतं, एक सोडून. 'सर्व' या शब्दाचा सगळा अर्थ त्या एका वगळण्यात होता.

डिसेंबर १९२७च्या परिषदेत बाबासाहेबांनी १७८९ सालच्या फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेशी तुलना केली. पाण्यावाचून आमचं अडलं आहे म्हणून आम्ही तळ्यावर जात नाही, आम्हीही इतरांसारखी माणसं आहोत हे ठरवायला जातो, असा त्यांच्या बोलण्याचा भाव होता. म्हणजे मनुष्यत्व प्रत्येक व्यक्तीत पुरतं असतं, हे जे आम्ही खडूने फळ्यावर लिहीत होतो, ते महाडला ओंजळीने सिद्ध करावं लागलं.

पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. खटला दहा वर्षं चालला. १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने वादींचं अपील फेटाळलं. आनंदाची गोष्ट. पण कशाच्या जोरावर? सर्व माणसं समान म्हणून नव्हे. अस्पृश्यांना मज्जाव करण्याची रूढी अनादी काळापासून चालत आली आहे हे वादींना सिद्ध करता आलं नाही, म्हणून. समजा त्यांनी जुने कागद आणून ते सिद्ध केलं असतं, तर? न्यायालयापुढे तेव्हा प्रश्न रूढीचा होता, माणसाचा नव्हता. तळं जिंकलं, तत्त्व अजून बाहेरच उभं होतं.

ते आत आलं १९५० साली, राज्यघटनेतून. पण कसं आलं ते बघा. घटनाकार कायद्यापुढे सर्व समान म्हणून थांबले नाहीत. पंधराव्या कलमात त्यांनी दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तळी, घाट, रस्ते अशी यादी दिली. तत्त्वाच्या ग्रंथात तळ्याचं नाव कशाला, असं एखादा तर्कशास्त्री विचारील. उत्तर महाडला आहे. नुसतं 'सर्व' म्हणून भागत नाही, हा अनुभव त्या यादीत आहे. जोतीरावांचं 'स्त्री-पुरुष' आणि घटनेतली ही 'तळी', दोन्हींची जात एकच. इथे 'जात' शब्द आम्ही न्यायशास्त्राच्या अर्थाने वापरला, बरं का.

दोन सोपी उत्तरं

वैश्विकतेबद्दल आज दोन सोपी उत्तरं मिळतात. आम्हाला दोन्ही मान्य नाहीत.

पहिलं उत्तर असं की ही सगळी पाश्चात्त्यांची कल्पना, आपल्यावर लादलेली, प्रत्येक संस्कृतीची मूल्यं वेगळी. या म्हणण्यात तथ्य नाही असं नाही. कांटने नीतीचा सार्वत्रिक नियम सांगितला, पण त्याच कांटने १७९७च्या ग्रंथात नोकरचाकर आणि स्त्रिया यांना सक्रिय नागरिकत्वाबाहेर ठेवलं. फ्रान्सने १७८९ मध्ये मानवाचे हक्क जाहीर केले आणि सेंट डोमिंगच्या मळ्यांत गुलाम तसेच राबत राहिले. पण मग त्या गुलामांनी काय केलं? 'ही गोऱ्यांची मूल्यं, आम्हाला नकोत' असं म्हटलं का? १७९१ मध्ये त्यांनी उठाव केला, १७९४ मध्ये फ्रान्सला गुलामगिरी रद्द करायला लावली आणि १८०४ साली हैती स्वतंत्र केलं. आणि महाडच्या खटल्यात 'आमची रूढी, आमची परंपरा' असं कोण म्हणत होतं? वादी म्हणत होते. संस्कृती वेगळी असते हा युक्तिवाद बहुतेक वेळा तळ्याच्या काठावर आधीच बसलेला माणूस करतो. तहानलेला माणूस तो क्वचितच करतो.

दुसरं उत्तर याच्या उलट. 'आपण सगळे एकच, भेद बघताच कशाला?' हे कानाला गोड लागतं. हे ते न विचारता म्हटलेलं 'आपण'. बाहेर कोण राहिलं ते सांगणाऱ्यालाच हे उत्तर भेदाचा दोष देतं. त्या मुलाला आम्ही जे उत्तर दिलं, तेही याच जातीचं होतं. मनुष्यत्व एकच आहे, मग तू आज्याची हजेरी मध्ये का आणतोस?

आमचं म्हणणं या दोन्हींच्या मध्ये नाही, वेगळं आहे. 'सर्व' हा शब्द वर्णन करायला वापरला की बहुतेक वेळा खोटा ठरतो. तो वचन म्हणून वापरावा. आणि दिलेलं वचन पाळलं गेलं की नाही, हे देणाऱ्याने ठरवायचं नसतं. ज्याला दिलं त्याने ठरवायचं असतं. म्हणून 'सर्वांसाठी' असं काही कानावर आलं की तीन गोष्टी बघाव्यात. कुणाला सोडून हे 'सर्व' झालेत? जो सुटला, त्याला स्वतः येऊन ते सांगायची सोय आहे का? आणि त्याने सांगितल्यावर व्यवहारात काही बदलतं, की नुसता ठराव होतो?

त्या मुलाने पहिली गोष्ट केली होती. दुसरी सोय वर्गात होती, म्हणून तो बोलू शकला. तिसऱ्या ठिकाणी आम्ही चुकलो.

श्रोत्यांचा एक प्रश्न

व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं: "सर, प्रत्येक जण आपल्याला वगळलं म्हणून उभा राहिला, तर सर्वांचं असं काही उरेल का? समाजाचे तुकडे नाही का होणार?"

प्रश्न रास्त आहे. त्यासाठी मागणीतला एक फरक बघावा लागतो. 'आम्हालाही' आणि 'फक्त आम्हाला' या दोन मागण्या ऐकायला सारख्या वाटतात, पण त्या विरुद्ध आहेत. महाडला पाणी प्यायला गेलेल्यांनी इतरांना तळं बंद करा असं म्हटलं नाही. दावा लावणाऱ्यांची मागणी 'फक्त आम्हाला' अशी होती. पहिल्या मागणीने 'सर्व' मोठं होतं, दुसरीने लहान.

आपल्या गावचं उदाहरण घ्या. सोलापुरात हजारो बाया घरी बसून विड्या वळतात. १९४८चा कारखाना कायदा कामगारांसाठी होता, पण तो कारखान्याच्या भिंतींच्या आतला. घरी सूप मांडीवर घेऊन बसलेली बाई त्या अर्थाने कामगारच नव्हती. १९६६ साली विडी-सिगार कामगारांचा वेगळा कायदा झाला आणि घरी वळणारीलाही कामगार धरलं गेलं. त्यामुळे गिरणी कामगाराचं काही कमी झालं का? 'कामगार' या शब्दाचे तुकडे झाले का? उलट तो शब्द पहिल्यापेक्षा खरा झाला. अंमलबजावणीत किती राहिलं आहे ते त्या बायांनाच विचारा, आमच्यापेक्षा त्या नेमकं सांगतील.